पांढरीला पांढरी, काळीला काळी

"शनिवारच्या कार्यक्रमात तुमचा बेस ऐकू आला नाही ना वहिनी, तर पुढच्या वेळेपासून खालचे सूर मास्तर डाव्या हाताने वाजवतील. मग बेस हवाच कशाला?"

हे आमचे धाकटे दीर. घरच्या बँडचे ड्रमर आणि स्वयंघोषित मालक. मास्तर म्हणजे आमचा कीबोर्डवाला. तो बापडा खाली मान घालून उभा होता, पण डाव्या हाताची बोटं मोडत होता, ते मला दिसलंच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दिवसभर मी दुकानात लोकांच्या पँटी आखूड करते, कोटांची अस्तरं बदलते. बारीक झालेल्याने झालो म्हणून सांगावं, जाड झालेल्याने सांगू नये, आणि दोघांचंही मी ऐकून घ्यावं. बेस, म्हणजे जाड तारांची खर्जातली गिटार, गळ्यात अडकवला की कुठे मी माणसात येते. तो सोडायचा? तोही एका डाव्या हातासाठी? हट्!

दोष बेसचा होता, हे मात्र कबूल. त्याचा मूळचा पिकअप, म्हणजे तारांखाली बसून त्यांची थरथर पकडणारा चुंबकाचा तुकडा, फार किरटा. म्हणून मी एका मोडक्या बेसमधला दणकट पिकअप काढून स्वतःच्या हाताने यात बसवला. दोघांना व्हॉल्यूमचं वेगवेगळं बटण दिलं. एकेकटा वाजवला की दोन्ही गुणी. दोन्ही बटणं पूर्ण उघडली की आवाज पातळ, फुटक्या डब्यातून यावा तसा.

"नवा जुन्याला बोलूच देत नाही," माझी नणंद म्हणाली. ती आमची गायिका, आणि दुकानातलं कापड बेतायचं टेबल ही तिची हक्काची बैठक. "सासू-सुनेचं चाललंय वहिनी. दोघींना सारखा मान द्या."

पटलं मला. स्क्रू फिरवून नवा पिकअप तारांपासून खाली नेला. जुन्याखाली अस्तराच्या चिंध्यांच्या घड्या सारून त्याला वर उचललं. नणंद पाठ करून बसली. मी कधी एक उघडे, कधी दुसरा, आणि ती ओरडे, "हा मोठा! अजून हाच मोठा!" सारी दुपार त्यात गेली. शेवटी कुठला मोठा ते तिलाही सांगता येईना. जिंकलो!

मोठ्या ऐटीत मी दोन्ही बटणं पूर्ण उघडली आणि जाड तार छेडली.

आवाज जवळजवळ गेलाच होता. आधी पातळ तरी होता.

मला रडू फुटायचंच बाकी होतं. चिडून एक बटण थोडं मागे फिरवलं, तर आवाज भरून आला. पुन्हा पूर्ण उघडलं, पुन्हा गायब.

"कमी केलं की वाढतो?" नणंदेने कपाळाला हात लावला. "हा आमच्या ड्रमवाल्या दादावर गेलाय. जितकं समजवावं तितकं कमी कळतं."

मी हसले नाही. माझं डोकं दुसरीकडेच धावत होतं. दोघंही सारख्याच ताकदीचे, आणि एकत्र आले की हाती भोपळा. म्हणजे ते एकमेकांना दाबत नव्हते, रस्सीखेच करत होते! एक ढकलतोय तेव्हा दुसरा ओढतोय. जितका मी समतोल साधला, तितके ते एकमेकांना खाऊन टाकत होते.

बेसच्या पाठीवरची पट्टी उघडली आणि स्वतःचीच कारागिरी समोर आली. पांढऱ्या वायरीला पांढरी, काळीला काळी, सुबक जोडलेली. शिवणाऱ्या बाईचा हात तो! लाल कापडाला लाल दोरा, हे हाडीमांसी खिळलेलं. पण हे पिकअप दोन वेगळ्या कारखान्यांतले. एकाची पांढरी म्हणजे दुसऱ्याची काळी असू शकते, हे मला सुचलंच नव्हतं.

नव्या पिकअपच्या दोन वायरी सोडवल्या आणि उलट्या जोडल्या. पांढरी काळीला, काळी पांढरीला. नजरेला इतकं खुपत होतं की काय सांगू. दोन्ही बटणं उघडली. तार छेडली.

टेबलावरची कात्री खणखणली. नणंद टुणकन खाली उतरली. "अगं आई गं! वहिनी!" एवढंच म्हणाली आणि मला मिठीच मारली.

शनिवारी हॉल खच्चून भरला होता. दिरांनी काठ्या आपटून लय दिली आणि मी सुरुवात केली. पहिलाच सूर पायांखालच्या लाकडी फळ्यांतून वर चढला, पोटऱ्यांत शिरला. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी खुर्चीचे हात धरले आणि मग त्यांची मान डोलू लागली. नणंदेने गाता गाता मागे वळून मला डोळा मारला. मास्तरचा डावा हात कीबोर्डवर तयारीत होता. त्याने थोडा वेळ वाट पाहिली, मग तो हळूच मांडीवर ठेवला. मला नाचावंसं वाटत होतं, पण बोटं चुकतील म्हणून नाचले नाही.

टाळ्या सुरू असतानाच दीर ड्रमवरून वाकले.

"वहिनी, जरा कमी करता का? माझा ड्रम मलाच ऐकू येत नाहीये."

"नाही," मी म्हटलं. "तुम्हीच जोरात वाजवा."

 त्यांनी शर्टाच्या बाह्या वर सारल्या आणि पुढच्या गाण्याची लय दिली, आधीपेक्षा दुप्पट जोराने.