दाखवायची हत्यारं

साठीला टेकली तरी घरात तिला सगळे छोटीच म्हणत. थोरल्या भावाने लहानपणी ठेवलेलं नाव ते. भाऊ आहे तोवर आपण काही मोठ्या होत नाही, हे तिने केव्हाच ओळखलं होतं. जन्मभर शिवणाच्या वर्गात मुलींना काजं-बटणं शिकवून ती निवृत्त झाली आणि दादाच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायला आली. खोल्यांना उजेड भरपूर होता. इतका भरपूर, की ती दात घासत असताना समोरच्या इमारतीतल्या गृहस्थांना स्पष्ट दिसायची, आणि गृहस्थ सभ्य असल्यामुळे ते रोज सकाळी हात हलवायचे.

पडदे तिने लगेच शिवून ठेवले होते. घोडं अडलं होतं दांड्यापाशी. दांडा बसवायचा तर भिंतीला भोकं पाडायला हवीत, भोकांना ड्रिल हवं, आणि ड्रिल होतं दादाकडे.

दादाची हत्यारं हा सगळ्या नातेवाइकांत कौतुकाचा विषय होता. बाहेरच्या खोलीत काचेचं कपाट. आत प्रत्येक हत्याराच्या मापाची खाच पाडलेला फोम, आणि त्यात पहुडलेले हातोडी, पक्कड, पाने, ड्रिल. पाहुणे आले की दादा कपाट उघडायचा, एकेक वस्तू मऊ फडक्याने पुसून दाखवायचा आणि सांगायचा, की स्वस्तातलं हत्यार म्हणजे जन्माची कटकट, घ्यावं तर एकदाच, पण चांगलं घ्यावं. हातात मात्र ती कुणालाच द्यायचा नाही. छोटीने ड्रिल मागितलं तेव्हा तो दचकलाच. तुला झेपायचं नाही, मनगट मुरगळून घेशील, रविवारी मीच येतो, म्हणाला. रविवारी त्याची कंबर धरली. पुढच्या रविवारी त्याला सर्दी झाली. त्याच्या पुढच्या रविवारी फोन वहिनीने उचलला आणि सांगितलं, की तुमचं नाव बघितल्याबरोबर हे बाहेर गेलेत, आणि जाताना चपला विसरलेत.

मग मात्र छोटीने आशा सोडली. आपला हात जगन्नाथ, असं म्हणून तिने पिशवी घेतली आणि शेवटच्या थांब्यापर्यंत जाणारी बस पकडली. तिथे सवलतीत हार्डवेअर विकणारं एक भलंमोठं दुकान होतं, असं तिने ऐकलं होतं.

दुकान कसलं, गोदामच ते. छतापर्यंत लोखंडी मांडण्या, त्यांवर खोकी, आणि खोक्यांतून ओसंडणारी हत्यारं, लाल मुठींची, पिवळ्या मुठींची, काही बिनमुठींची सुद्धा. गळ्यात मोजपट्टी अडकवलेली एक विक्रेती शिडीवर उभी राहून बादल्या लावत होती. छोटीने तिला विचारलं, की यातलं चांगलं कुठलं? ती म्हणाली, काही चांगलं आहे, काही नाही, निवडून घ्या. खरं बोलणारी विक्रेती छोटीने पहिल्यांदाच पाहिली. पण निवडायचं कसं? कापड असतं तर तिने डोळे मिटून, नुसतं चुरगाळून सांगितलं असतं.

ती स्क्रूड्रायव्हरच्या खोक्यापुढे विचार करत उभी असताना मांडणीच्या पलीकडून आवाज आला. कोणीतरी एका गिऱ्हाइकाला समजावून सांगत होतं. स्क्रूड्रायव्हर जमिनीवर घरंगळत सोडा, डुगडुगला तर दांडी वाकडी समजा. पक्कड मिटून उजेडासमोर धरा, जबड्यातून फट दिसली तर ठेवून द्या. सपाटी बघायची लेव्हल एकदा ठेवून बघा, मग तिथेच उलटसुलट फिरवून ठेवा; बुडबुडा दोन्ही वेळा एकाच जागी थांबला तरच ती खरं बोलते.

छोटीने पिशवी खाली ठेवली आणि मांडणीच्या अलीकडून शिकवणी सुरू केली. स्क्रूड्रायव्हर घरंगळवले. पहिले काही लंगडत गेले, एक मात्र शहाण्या मुलासारखा सरळ गेला, तो घेतला. पकडींचे जबडे दिव्यासमोर धरून धरून मान अवघडली, पण फट नसलेली मिळाली. लेव्हलींमध्ये बहुतेक सगळ्या खोटारड्या निघाल्या. तिला मोठी मौज वाटू लागली. पलीकडचा आवाज थोडाफार दादासारखा होता, पण विचार मात्र भलतेच शहाणे होते.

"महागाचा सोस कशाला?" आवाज म्हणाला. "घरची चार कामं करायची असतात. डोळे उघडे ठेवले तर इथलंच हत्यार दहा वर्षं टिकतं. मी काय उगाच सांगतो?"

आता हे "मी काय उगाच सांगतो" जगात एकच माणूस असं नाकातून म्हणत असे. छोटी मांडणीला वळसा घालून पलीकडे गेली. ऐन उकाड्यात कानांवर मफलर, डोक्यावर टोपी, हातात तारेची टोपली. टोपलीत कानस, करवत आणि पिवळ्या मुठीची हातोडी. दादाने तिला पाहिलं आणि हातोडी पाठीमागे लपवली, जशी लहानपणी पतंगाची फिरकी लपवायचा.

"मी सहज आलो होतो," तो म्हणाला. "बस चुकली."

"काका दर बुधवारी येतात," विक्रेतीने शिडीवरून सांगितलं. तिला वाटलं, आपण ओळख करून देतोय.

पितळ उघडं पडल्यावर दादाने मफलर काढला. बादल्यांच्या ढिगाशेजारी उभं राहून त्याने सगळं कबूल केलं. कपाटातली हत्यारं त्याने हौसेने घेतली होती खरी, पण आणल्या दिवशी ड्रिल हातात धरलं आणि भिंतीला लावायचा धीरच झाला नाही. चरा पडला तर? घरातलं सगळं काम तो इथल्याच हत्यारांनी करत आला होता, आणि ती पलंगाखालच्या जुन्या सुटकेसमध्ये दडवून ठेवत होता. खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, तसला प्रकार. छोटीकडे यायचं तर कपाटातलं ड्रिल आणावं लागणार, आणि सुटकेसमधलं आणलं तर एवढ्या वर्षांची शोभा होणार, म्हणून त्याची कंबर धरत होती.

छोटीला आधी संताप आला. एवढे दिवस मी परक्या माणसासमोर दात घासतेय, आणि हा इथे लोकांना शिकवण्या देतोय! मग टोपी काढल्यावर उभे राहिलेले त्याचे केस तिने पाहिले आणि तिला हसू आवरेना. वहिनीला सांगणार नाही, पण आत्ताच्या आत्ता माझ्याबरोबर चल, अशी तिने अट घातली. दादाने तिच्यासाठी ड्रिल निवडून दिलं, कानाशी धरून, चालू-बंद करून, वैद्याने नाडी बघावी तसं.

काम मात्र त्याने झकास केलं. भोकं नेमकी पाडली, त्यांत स्क्रूसाठी गिट्ट्या ठोकल्या, लेव्हल लावली. बुडबुडा अगदी मधोमध. आणि तरीही दांडा ठार तिरका दिसत होता. दादा म्हणाला, दांडा सरळ आहे, खिडकी वाकडी आहे. छोटी म्हणाली, लोक खिडकी बघणार, बुडबुडा नाही. बरीच हुज्जत झाल्यावर दादाने दांडा उतरवला, लेव्हल खिशात घातली आणि छोटीच्या डोळ्यांच्या मापाने पुन्हा बसवला. आता तो वाकडा होता आणि सरळ दिसत होता. पडदा वीतभर ओढला आणि खोली एकदम राहती वाटायला लागली.

तेवढ्यात वहिनी आली. आज चक्क चपला घालून निघालेले हे कुठे गेले ते बघायला निघाली होती म्हणे. तिने स्वस्तातलं ड्रिल पाहिलं, पिवळ्या मुठीची हातोडी पाहिली. दादा भिंतीचा रंग बघू लागला.

"सुटकेसमधलं ड्रिल बिघडलं का?" तिने विचारलं.

दादा खुर्चीवर बसला. पलंगाखालचा केर काय हे काढतात का, असं वहिनी म्हणाली. मग पुढेही बरंच निघालं. कपाटाची दुसरी किल्ली तिच्याकडे पहिल्यापासून होती. त्या भारी पकडीने ती बरण्यांची घट्ट झाकणं उघडत होती, हातोडीने बदाम फोडत होती, आणि लेव्हल तर तिची आवडती होती, ती लावून वहिनी दर आठवड्याला भिंतीवरच्या तसबिरी सरळ करायची. पुसून परत खाचेत ठेवलं की झालं. दादाने एवढंच विचारलं, की चरा?

"एक नाही," वहिनी म्हणाली. "चांगली हत्यारं आहेत हो. वापरून बघा कधीतरी."

दादा काही बोलणार होता, तोच दार वाजलं. खालच्या मजल्यावरच्या बाई उभ्या होत्या. दुपारभर डोक्यावर घरघर चाललीय, झोपायचं कसं, असं त्या तणतणत सांगू लागल्या. बोलता बोलता त्यांची नजर हत्यारांच्या पिशवीकडे गेली आणि आवाज उतरला. आमच्या न्हाणीघराचं दार खाली घासतं, उघडताना किंचाळतं, तुमच्याकडे कानस-बिनस असेल का, असं त्यांनी अगदी नरमाईने विचारलं.

दादा उठला. कानसही चालेल, पण दार घासायला रंधाच बरा, कसला घ्यायचा ते सांगतो, असं म्हणत त्याने पिशवी उचलली आणि त्यांच्या मागोमाग जिना उतरू लागला. खालून त्याचा आवाज बराच वेळ ऐकू येत होता. छोटीने चहा टाकला, दोघींपुरताच. वहिनी म्हणाली होती, की ते आता लवकर काही वर येत नाहीत.