औषधाचा हात

पोपटाने संयोगिताचा अंगठा सहाव्यांदा फोडला, तेव्हा सोप्यात बसलेल्या बाळासोंनी पेपर खाली न घेताच शेरा मारला, "गुंडाळा अजून टॉवेलात. चावंल न्हाईतर काय मुका घील?"

"तुम्ही पेपर वाचा, मामा."

सासऱ्यांना मामा म्हणायची रीत, म्हणून ती मामा म्हणे. मनातल्या मनात जे म्हणे ते इथे लिहिण्यासारखं नाही. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि चारही वर्षं शुक्रवार पेठेतल्या त्या तीन खोल्यांत दोघांचं युद्ध चालू होतं. टीव्हीच्या आवाजावरून, गिझरवरून, मिठावरून. नवरा अमरसिंह वारणानगरला साखर कारखान्यात, तिथल्याच कॉलनीत खोली घेऊन राहणारा. पंधरा दिवसांनी एका रविवारी यायचा. तो बापाशी अकरा वर्षं बोललेला नव्हता. काही सांगायचंच झालं, तर बायकोच्या तोंडून सांगायचा. बाळासो एके काळचे नावाजलेले पैलवान, दोन्ही कान मोडलेले. पोरालाही पैलवान करायचा म्हणून त्यांनी त्याला आठव्या वर्षापासून पहाटे चारला तालमीत ओढत नेला. एकोणिसाव्या वर्षी गुडघा निखळला आणि पोरगा घर सोडून गेला. आता यायचा तोही बायकोपुरता.

पोपट आला तो संयोगितामुळे. पेठेतल्या शाळेतल्या क्लार्कच्या नोकरीमुळे ती इथेच राहायची, आणि नोकरी सांभाळून जखमी पक्षी-प्राणी सोडवणाऱ्या गटात काम करायची. राधानगरी रस्त्यावरच्या एका ढाब्यावर हा पिंजऱ्यात होता. पंख कातरलेले, शेपूट झडलेलं, आणि येणारं गिऱ्हाईक त्याला शेव चारून हसायचं. वनखात्याचं पत्र घेऊन गटाने त्याला सोडवला आणि बरा होईपर्यंत संयोगिताकडे ठेवला. गटातली प्राण्यांची डॉक्टर विद्याश्री तोंडाने फटकळ. तिने पोपट स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर ठेवला आणि म्हणाली, "ब्याण्णव ग्रॅम. छातीत कफ आहे. शंभराच्या वर गेला तर जगला म्हणा, पंच्याऐंशीच्या खाली आला तर गेला. औषध दोन वेळा, चुकवायचं नाही. फळं द्या, भिजवलेली मटकी द्या. दूध, पाव, चहा अजिबात नाही. पाखराला दूध पचत नाही."

संयोगिताने हे घरात येऊन मोठ्याने सांगितलं. बाळासो पोट धरून हसले. "दूध पचत न्हाय म्हणं! मग शिकून काय केलं त्या डाक्टरनीनं?"

आठ दिवस झाले. सकाळ-संध्याकाळ टॉवेल, धरपकड, किंचाळणं, ड्रॉपर, चावा. पोपट तिला बघितलं की पिंजऱ्याच्या कोपऱ्यात जाऊन फुसफुसायचा. वजन मात्र खाली निघालं होतं. नव्वद, एकोणनव्वद, सत्याऐंशी. आपल्याच हाताने हा जीव जाणार, या विचाराने तिला जेवण जाईना.

नवव्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं नाही, म्हणून ती आंघोळीला गेली नाही आणि रोजच्यापेक्षा लवकर बाहेर आली. सोप्यात बाळासो मांडी घालून बसले होते. शेजारी गंगावेशीच्या दूधकट्ट्यावरून आणलेली धारोष्ण दुधाची किटली. पिंजऱ्याचं दार सताड उघडं, आणि पोपट त्यांच्या गुडघ्यावर बसून, डोळे अर्धे मिटून, त्यांच्या बोटातला दुधात भिजवलेला पाव खात होता.

आधी तिला राग आला नाही. आधी हेवा वाटला. नऊ दिवस रक्त काढून घेतलं तिने, आणि गुडघा यांचा!

मग राग आला. "मामा! मारताय तुम्ही त्याला!"

"मी? मारतीयास तू, टॉवेलात कोंबून. मी जगवतोय. खातंय बघ कसं पैलवान."

तिने पिंजऱ्याखालचा कागद ओढला आणि त्यांच्या नाकापुढे धरला. सगळं पांढरं पाणी. "हे बघा. रोज तुम्ही चारताय आणि रोज याचं असं होतंय. पाच ग्रॅम गेला तो. ब्याण्णवातले पाच!"

"माज्या हाताखाली पन्नास पोरं दुधावर वाढल्यात."

"आणि एक पळून गेलाय," ती म्हणाली.

म्हणाली आणि तिलाच ते लागलं. बाळासोंनी पोपट उचलला, पिंजऱ्यात ठेवला, दार लावलं आणि किटली घेऊन मागच्या मोरीकडे गेले. दूध ओतल्याचा आवाज आला. त्या घरात दूध मोरीत ओतलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी पोपट पिसं फुगवून, चोच उघडी टाकून धापा टाकत होता. ती टॉवेल घेऊन जवळ गेली तसा तो जाळीवर आपटला आणि खाली पडला. तिने विद्याश्रीला फोन लावला. "आता झटापट झाली तर त्यातच जाईल," डॉक्टर म्हणाली. "आणि औषध नाही गेलं तरी जाईल. आपणहून कुणाकडे येतो का तो?"

संयोगिताने फोन ठेवला. गिझरचं बटण कुणी बंद करायचं हेसुद्धा ज्यांना ती सरळ विचारत नसे, त्या सासऱ्यांपुढे जाऊन उभी राहिली.

"तुमच्याकडे येतो तो. औषध तुम्ही पाजा."

बाळासोंनी आपल्या तळव्यांकडे बघितलं. "मी पाजलं तर परत माज्याकडं यायचं न्हाय ते."

"नाही येणार," ती म्हणाली. खोटं कशाला बोलायचं?

"मग आता मीच पाजनार. रोज. तू औषदाला हात लावायचा न्हाय. टॉवेलाला न्हाय. मी धरून पाजून गेलो की मग डाळिंब घिऊन जायचं त्याच्याकडं. आधी न्हाय."

"असं का?"

"एकानंच धरायचं असतंय. दोघांनी धरलं तर त्यानं जायचं कुठं?" ते उठले. "अमऱ्याला तालमीत मीच धरायचो. त्याची आई दारामागं गूळ-शेंगदाणं घिऊन हुबी असायची. मीच हुबी करायचो तिला तितं."

ते पिंजऱ्याजवळ गेले. दार उघडलं. त्यांना बघून पोपट धडपडत उठला आणि पायऱ्या चढल्यासारखा त्यांच्या मनगटावर चढला. बाळासोंनी डोळे मिटले आणि मूठ मिटली. मान दोन बोटांत, अंग तळव्यात, पकड अशी की हलायला जागा नाही आणि दुखायलाही नाही. ड्रॉपर रिकामा झाला. पोपटाने पहिल्यांदा काही केलंच नाही, नुसता बघत राहिला त्यांच्याकडे. मग त्याने त्यांच्या तर्जनीचं नख मुळापासून फोडलं.

पुढचे बारा दिवस हेच चाललं. बाळासो खोकले तरी पोपट किंचाळायचा. ते त्याच्या नजरेला पडू नये म्हणून मागच्या दाराने ये-जा करू लागले. संयोगिता डाळिंबाचा दाणा आधी जाळीतून द्यायची, मग तळव्यावर, मग मनगटावर. एकोणनव्वद. त्र्याण्णव. अठ्ठ्याण्णव. एकशे एक ज्या दिवशी भरलं, त्या दिवशी पोपट तिच्या खांद्यावर चढून तिच्या केसात तोंड खुपसून झोपला, आणि ती मटकी भिजवायचंसुद्धा विसरली. सासरा-सुनेचं मेतकूट जमलं असं मात्र कुणी समजू नये. त्याच संध्याकाळी आमटीतल्या मिठावरून दोघांचं कडाक्याचं वाजलं.

रविवारी अमरसिंह आला. संयोगिता खांद्यावर पोपट घेऊन चहा करत होती. औषधाची वेळ झाली म्हणून बाळासो आत आले, तसा पोपट फुगला, फुसफुसला आणि अर्धवट वाढलेल्या पंखांनी थेट त्यांच्या तोंडावर झेपावला. बाळासोंनी त्याला हवेतच धरला, औषध पाजलं, चावून घेतलं, सोडला आणि मागच्या दाराने निघून गेले.

अमरसिंह हसला. "बघ. पाखरालाबी कळलं माणूस कसा हाय ते."

संयोगिताने गॅस बंद केला आणि चहाचा कप त्याच्यापुढे ठेवला.

"दूध चारत होते तेव्हा त्यांच्या मांडीवर बसून खायचा हा. मरायला टेकला होता. माझ्याकडून औषध घेईना, म्हणून त्यांनी ते स्वतःकडे घेतलं, आणि मला डाळिंब दिलं हातात." तिचा आवाज चढला. सासऱ्याची बाजू घ्यावी लागतेय याचाच तिला संताप आला होता. "तालमीतून आलास की आई दारामागे गूळ-शेंगदाणे घेऊन उभी असायची ना रे? तिला तिथं कोण उभं करायचं, विचारलंस कधी?"

अमरसिंहचा चहा तसाच राहिला. त्यावर साय धरली. तो उठला, लंगडत मागच्या दारापर्यंत गेला आणि चौकटीला धरून उभा राहिला. बाळासो मोरीच्या कट्ट्यावर बसून रक्ताळलेलं बोट नळाखाली धरून होते.

"आबा," तो म्हणाला, "बोटाला काय लावलंय का न्हाय?"

बाळासोंनी वर बघितलं नाही. "तुला काय करायचंय?" ते खेकसले, आणि हात पुढे केला.