पुकार

"बाबा, कागदावर काईबी असू द्या. तुमी तुमचं नाव वाचा," वेदीमागच्या खोलीत शुभम पुन्हा म्हणाला.

अकोल्याच्या मिशन शाळेत बत्तीस वर्षं शिपाई असलेला अंतोन दर रविवारी चर्चमध्ये वाचनही करी. लग्नाआधी तीन रविवार वर-वधूंची नावं आईबापांसकट पुकारायची, हे त्याचंच काम. आज पहिली पुकार शुभमची होती, आणि कागदावर बाप्तिस्म्याच्या रजिस्टरातलं उतरवलं होतं: दिवंगत विल्सन आणि मार्था यांचा मुलगा. विल्सन ट्रक अपघातात गेला तेव्हा शुभम आठ महिन्यांचा होता. पुढच्या वर्षी मार्थाशी लग्न करून अंतोन त्याचा बाप झाला.

"मले त्या मानसाचं तोंडबी आठवत नाई," शुभम म्हणाला.

"म्हनून खोडाचं का त्याचं नाव? मेलेल्या मानसाजवळ दुसरं काय रायते?"

"आन् तुमचं?"

"मी तं जिवंत आहो ना," अंतोन म्हणाला आणि चष्मा पुसत बसला. त्याचे गुडघे ठणकत होते. खरं सांगायचं तर शुभमच्या नावापुढे त्याला आपलं नाव हवं होतं, चोवीस वर्षं हवं होतं.

याच आठवड्यात फादरांनी येशूची वंशावळ वाचली होती. अब्राहामापासून नावांमागून नावं. लोक जांभया देत होते. अंतोन मात्र कान देऊन शेवटाची वाट बघत होता. बापाला मुलगा, त्याला मुलगा, असं करत सगळं कूळ येशूला पोटच्या पोरासारखं वाढवणाऱ्या योसेफ सुताराच्या दारात येतं, आणि तिथं त्याला फक्त मरियेचा नवरा म्हणून सोडून देतात. तरी दावीद राजाचं घराणं येशूला मिळालं ते या सुतारामुळेच, असं फादर म्हणाले. अंतोनला पटलं. पण ती यादी चारचौघांत वाचायची पाळी योसेफावर कुणी आणली नव्हती.

मिसाची उपासना संपत आली तसा तो उठला. कागदावर होतं ते त्याने एकेक अक्षर स्वच्छ वाचलं. विल्सनचं नाव घेताना आवाज जरासुद्धा हलू दिला नाही. पहिल्या बाकावर मार्थाने मान खाली घातली.

बाहेर पायऱ्यांवर एका म्हातारीने त्याचा हात धरला. नवरी प्रियदर्शनीची आजी, माणिकबाई. अमरावतीहून आज पहिल्यांदाच आली होती. घरच्यांची ओळख जेवताना व्हायची होती.

"लय चांगलं वाचलं, भाऊ. पोराच्या बापाचं नाव आयकलं आन् मले रडूच आलं. आज असते तं किती खुश झाले असते!"

शुभम पुढे झाला. अंतोनने त्याचा दंड दाबला.

"हो माय," तो म्हणाला, "झाले असते." आणि पायरी उतरायला त्याने तिला हात दिला.