डोअरकीपरची चिकटवही

मी एक जुनी चिकटवही आहे. माझी शिवण उसवली आहे, पानांना भोकं पडली आहेत. पण मित्रांनो, एके काळी हॉलिवूडचे तारे माझ्या पोटात राहत होते!

एका चित्रपटगृहाच्या डोअरकीपरने मला घरीच बांधले. चित्रपट बदलला की बाहेरच्या काचेच्या चौकटीतली छायाचित्रे तो मालकाला विचारून आणी. कोपरापर्यंत हातमोजे घातलेली नायिका, तिरक्या टोपीचा गुप्तहेर, तलवारीवर तोल सांभाळणारा समुद्री चाचा. छायाचित्रे खळीने चिकटवून खाली तो बारीक अक्षरात गोष्ट लिही.

हे सारे लेकीसाठी. अकरा वर्षांची ती पोर क्षयाने रुग्णालयात अंथरुणाला खिळली होती. दर रविवारी तो मला काखेत मारून तिच्याकडे जाई. इंग्रजी त्याला जेमतेम कळे. पण वीस-वीस वेळा पाहून चेहरे पाठ झाले होते.

"हिने नुसती भुवई उचलली, की समोरचा गार!" तो सांगे. लेक हसे, हसता हसता खोकला येई, आणि परिचारिका डोळे वटारी.

एक लबाडी मात्र तो करी. पडद्यावर मेलेली नायिका त्याच्या गोष्टीत खडखडीत बरी होई. शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी तो चित्रपट पाहिला होता. त्या लेकीला खरा शेवट सहज बोलून गेल्या.

पुढच्या रविवारी लेकीने तेच पान काढले. "बाबा, ही शेवटी मरते ना?"

तो पान उलटू लागला, पण तिने त्यावर हात ठेवला.

"खरं सांगा. घाबरली का ती?"

"थोडीशी. पण नवऱ्याने हात धरला होता."

"मग ठीक आहे. तसंच लिहा."

त्याने जुना शेवट खोडला आणि खरा लिहिला.

पाच आठवड्यांनी ती गेली. तेव्हा दुपारचा खेळ चालू होता. निरोप मध्यंतरात आला. हात धरायला तिच्याजवळ कोणी नव्हते.

मग मी ट्रंकेत पडले. तो तिकिटे फाडत राहिला, पण पडद्याकडे पाठ करून. तो वारल्यावर पुतण्याने मला रद्दीत घातले. तिथे जुन्या सिनेमांचा एक शौकीन आला. "वा, काय चेहरे आहेत!" म्हणत त्याने ब्लेडने नायिका कापून नेल्या. खालची अक्षरे तशीच राहिली.

मित्रांनो, सुंदर चेहऱ्यांचे कौतुक जरूर करा. पण जुनी वही टाकण्याआधी तिच्यातले अक्षर वाचा. ते कोणी, कोणासाठी लिहिले, हे सांगणारे माणूस घरात असेल तर आजच विचारा. माझ्या घरात आता ते सांगणारे कोणी उरलेले नाही.