चौथ्या जोडीतलं लांब टोक

ताईचे डोळे हल्ली दुपारीच शिणायचे. सव्वीस वर्षं ती प्रयोगशाळेत लोकांची गुणसूत्रं जुळवत होती. पेशी दुभंगायच्या ऐन तोंडाशी आल्या की औषधानं त्यांना तिथंच थांबवायचं, काचेवर पसरून रंग द्यायचा, आणि त्या पट्टेदार काड्यांच्या तेवीस जोड्या लावत मान मोडेपर्यंत बसायचं. नोकरीत बढती फक्त पाठदुखीला मिळाली, असं ती म्हणायची.

आज समोर धाकट्या भावाचं रक्त होतं. त्याच्या बायकोचे दोन गर्भ गेले होते. गुणसूत्रं सेहेचाळीस भरली, पण चौथ्या जोडीतल्या एकाचं टोक लांब आणि अकराव्या जोडीतलं एक आखूड. वीस पेशी पाहिल्या, वीसही तशाच. या दोन गुणसूत्रांनी आपापल्या टोकांची अदलाबदल केली होती. अशा माणसात कमी काहीच नसतं, तो ठणठणीत असतो. मात्र मुलाला निम्मं देताना कधी एक तुकडा जास्त जातो आणि दुसरा जातच नाही, मग गर्भ टिकत नाही.

तिनं कपाटातून चौदा वर्षांपूर्वीचा पुठ्ठा काढला. तो थोरल्या भावाचा, दादाचा होता. तेव्हा फोटोतली गुणसूत्रं कात्रीनं कापून डिंकानं चिकटवायची पद्धत होती, आणि चिकटवणारी तीच. त्यातही चौथ्या जोडीतलं एक लांब आणि अकराव्या जोडीतलं एक आखूड होतं. तेव्हाही ते लांब टोक तिला दिसलं होतं. काचेवर पसरताना एखादं ताणलं जातं कधीकधी. दिवसभरातला तो सातवा पुठ्ठा, अंगात त्राण नव्हतं. ताणलं असेल म्हणत तिनं डिंक लावला आणि खाली लिहिलं, 'दोष नाही'.

मग आईनं सगळं खापर दादाच्या बायकोवर, वहिनीवर फोडलं. वहिनीचा अहवालही चांगलाच होता, पण ते ऐकतंय कोण! चार गर्भ गेले तिचे. "हिच्या अंगातच काहीतरी आहे," आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. वहिनीनं कधी हूं की चूं केलं नाही. ताईनंही आईला कधी गप्प केलं नाही, याची तिला आता लाज वाटली.

पुठ्ठा परत ठेवून दिला असता तर कुणाला कळणार होतं? तिनं तो दोनदा ठेवला आणि दोनदा काढला. मग दादाच्या घरी फोन लावला. वहिनीनं उचलला.

ताईनं काहीही न लपवता सगळं सांगितलं. "चूक माझी झाली, वहिनी. तुमच्यात दोष नव्हताच कधी."

पलीकडे वाटीत चमचा हलत होता. आई वर्षभर अंथरुणाला खिळलेली. तिला भरवायची ही वेळ.

"आईंना सांगाल तुम्ही?" वहिनीनं विचारलं.

"आत्ता सांगते. द्या तिच्याकडे फोन."

"थांबा जरा," वहिनी थकल्या आवाजात म्हणाली. "आधी जेवण होऊ दे त्यांचं. हे ऐकल्यावर माझ्या हातचा घास घशाखाली उतरायचा नाही त्यांच्या."