पडद्याआडची पितळी नौका

मी एक पितळी अवकाशनौका आहे. मित्रांनो, नावावर जाऊ नका. मी जेमतेम करंगळीएवढी आहे आणि अवकाशात कधी गेलेले नाही. षटकोनी घरं आखलेला, मध्ये उल्का रंगवलेला एक काळा पुठ्ठा, एवढंच माझं आकाश. पण त्या आकाशात जे घडलं, ते सांगताना आजही माझं पितळ तापतं.

माझा जन्म कोल्हापूरच्या उद्यमनगरातला. प्रसेनजीत तिथल्या एका कारखान्यात लेथवर काम करतो. एका दुपारी त्यानं मालकाला विचारून पितळेचा उरलेला तुकडा घेतला, तो कातला, कानशीनं माझं नाक टोकदार केलं आणि गडमुडशिंगीला घरी येऊन मला बहिणीच्या, प्रीतीच्या तळहातावर ठेवलं. प्रीती आणि शेजारचा राजवीर मिळून अवकाशयुद्धाचा खेळ बनवत होते. राजवीरकडे बऱ्याच तोफांची थोराड युद्धनौका होती. माझ्याकडे तोफ एकच, पण मला अदृश्य होता यायचं.

अदृश्य होण्याची रीत सोपी होती. प्रीती मला पुठ्ठ्यावरून उचलायची आणि स्वतःसमोर उभ्या केलेल्या पडद्याआड, तशाच आखलेल्या छोट्या नकाशावर ठेवायची. मी कुठे सरकते ते फक्त तिलाच दिसायचं. राजवीरच्या तळापर्यंत पोचले की आम्ही जिंकलो.

सुरुवातीला मी लपूनही पूर्ण वेगानं धावायचे. कुठूनही उगवायचे, तोफ डागून पुन्हा गायब व्हायचे. मी जिंकतच सुटले. प्रीती मला ओढणीनं पुसून चकाकवायची. राजवीर मात्र हरतच गेला. शेवटी एका संध्याकाळी त्यानं आपली युद्धनौका खिशात टाकली.

"मी न्हाय खेळत. तू येणार, मारणार, जाणार. मी नुसता बसलोय की हितं."

"लपणं हीच तिची ताकद हाय रे," प्रीती म्हणाली.

"व्हय, मग तिच्यासंगच खेळ."

तो निघून गेला. आणि राजारामपुरीतल्या हॉलमध्ये नवे खेळ दाखवायचा मेळावा तर रविवारवर आला होता. दोघांनी मिळून नाव दिलं होतं.

प्रीतीनं घाईघाईनं नियम बदलला. लपलेल्या नौकेनं हलायचंच नाही. तिनं प्रसेनजीतला समोर बसवलं. मी लपले आणि तिथंच अडकले. युद्धनौका म्हणून त्यानं ठेवलेला नट निवांत फिरत राहिला.

"मग लपायचं कशाला?" प्रसेनजीत म्हणाला. "ही आता नौका न्हाय, पेपरवेट हाय."

मला डब्यात टाकलं गेलं. जिंकताना जे कळलं नव्हतं, ते तिथं कळलं. खेळणारंच कुणी नसेल, तर माझ्या टोकदार नाकाला काय अर्थ?

शनिवारी सकाळी प्रीतीनं डबा उचलला आणि ती थेट राजवीरच्या रानात गेली. तो उसाला पाणी पाजत होता. ती काही बोलणार, तेवढ्यात एक कुत्रं उसात शिरलं आणि दिसेनासं झालं.

"बांधाकडं निघालंय," राजवीर म्हणाला.

"तुला दिसतंय?"

"कुत्रं कुठलं दिसतंय? शेंडे हलत्यात की."

"आणि हळू गेलं असतं तर?"

"तर कशाला कळतंय?"

मग प्रीती मटकन बांधावर बसली आणि तिनं डब्यातला पुठ्ठा उलगडला.

नवा नियम त्या बांधावरच ठरला. लपून एकेक घर सरकलं, तर काही कळणार नाही. पळायचं असेल तर खुशाल तीन घरं पळा, पण जिथून पळालात, तिथं एक खडा ठेवायचा. खडा सगळ्यांना दिसणार! त्यावरून राजवीरनं माझं घर बरोबर ओळखलं, की तो जिंकला. पाणी सरीबाहेर वाहून चाललं, तरी राजवीरचं लक्ष पुठ्ठ्यातच होतं.

रविवारी आमच्या टेबलाभोवती ही गर्दी. ठरलेल्या चालींपैकी शेवटच्या दोनच उरल्या होत्या. सरकत गेले तर तळ गाठता येत नव्हता. पळाले तर माग राहणार होता. प्रीतीनं तळापर्यंतची घरं पुन्हा एकदा मोजली. तिनं मला पळवलं आणि पुठ्ठ्यावर खडा ठेवला.

राजवीर खड्याकडे बघत राहिला. मी सरळ गेले असेन, की उल्कांना वळसा घालून? तो पुटपुटला, "प्रीती सरळ कधी जाती व्हय?" आणि त्यानं उल्कांच्या मागच्या घरावर बोट ठेवलं.

मी तिथंच होते.

प्रीतीनं मला पडद्याआडून काढून त्याच्या बोटापाशी ठेवलं, तेव्हा हॉल दणाणला. मी हरले होते आणि इतका आनंद मला एकाही विजयात झाला नव्हता.

मित्रांनो, तुम्हीही खेळ बनवाल. आपल्या लाडक्या सोंगटीला जपा, पण समोर बसलेल्याला तिच्याहून जास्त जपा. त्याच्या हातात काहीतरी करण्यासारखं राहू द्या.

लोक आपली पाळी मागत होते. राजवीर मात्र उठायला तयार नव्हता. त्यानं आपली युद्धनौका प्रीतीपुढे सरकवली आणि मला मुठीत घेतलं.

"आता बाजू बदलू," तो म्हणाला. "पडदा दे हिकडं."