टबातलं तांबडं पाणी

बायको सकाळी सव्वासातला रक्ताची उलटी होऊन गेली. तिच्या भावाला फोन लागेना, म्हणून त्याला शोधत, तो बैठकांना जायचा त्या पाणीबाबाच्या हॉलवर मी गेलो. रांग जिन्यावरून रस्त्यापर्यंत. वर बारा टब, त्यांत बारा जणांचे पाय, आणि पाणी तांबडं होताना बघून सगळ्यांचं "अहो, बघा, बघा!" चाललेलं.

"शरीर म्हणजे तुंबलेली मोरी," बाबा माईकवर सांगत होता. "मी फक्त बोळा काढतो. दहा बैठका, लिव्हर नवं कोरं! मग घ्या की दोन घोट, कोण अडवतंय?"

हेच त्यानं माझ्या बायकोला सांगितलं होतं. डॉक्टरांनी एक थेंबही नको म्हटल्यावर तिनं सात महिने दारू सोडली होती. पोटातलं पाणी उतरलं, डोळ्यांचा पिवळेपणा गेला. कष्ट तिचे, श्रेय टबाला. दहाव्या बैठकीनंतर तिनं पुन्हा बाटली आणली.

मेहुणा तिसऱ्या टबात पाय घालून बसला होता.

"ताई गेली," मी म्हणालो.

तो पाण्याकडेच बघत राहिला. "दाजी, तिनं बैठका मधेच सोडल्या असतील."

"दहाही केल्या. पाय बाहेर काढ."

"अहो, पण माझं विष निघतंय..."

"काढ म्हणतो ना!"

मी बटण बंद करून टब रिकामा केला, ताजं पाणी भरलं, त्यांच्याच डब्यातलं मीठ टाकलं आणि पुन्हा बटण दाबलं. टबात कुणाचेच पाय नव्हते. थोड्या वेळात पाणी तांबडं.

"आता हे कुणाचं लिव्हर धुतलंस रे?"

"आधीच्यांचं विष टबाला चिकटलेलं असतं," बाबा म्हणाला.

"मग तुझ्या जेवणाच्या पातेल्यात करून दाखवू?"

माईक बंद झाला.

मिठाच्या पाण्यात लोखंडाच्या दोन पट्ट्या आणि त्यांतून वीज, एवढीच ती विद्या. पट्टी झिजते, गंज पाण्यात उतरतो. मी तीस वर्षं धातूला मुलामा चढवण्याच्या कारखान्यात काढली, असलं पाणी रोज बघत आलो. पण तिच्या बैठकांना मी बायकोच्या तोंडाकडे बघत होतो, तारेकडे नाही.

लिव्हरचं काय चाललंय ते डॉक्टरांकडच्या तपासणीत कळतं, टबात नाही. दारू सोडणं जड जातं. डॉक्टरांना विचारून सोडा, पण सोडा. माझ्या बायकोचं लिव्हर सावरत होतं.

मेहुणा त्या दिवशी माझ्याबरोबर खाली उतरला. नंतर डॉक्टरांनी त्याला लिव्हरसाठी रक्ताच्या तपासणीची चिठ्ठी लिहून दिली. सहा आठवडे झाले. त्यानं अजून रक्त दिलेलं नाही.